नऊ नंबरची सोबत

९ मार्च

मामा,

दोन जोड मोज्यांतून आणि एका उसन्या कोटातून तुला नमस्कार.

पहिल्या तीन दिवसांत सात बस माझ्या नाकासमोरून निघून गेल्या. स्टॉपच्या खांबाशेजारी मी आपली दुसरा खांब होऊन उभी. चौथ्या दिवशी एका बाईने माझं मनगट धरून हात वर केला, आणि गाडी थांबली! इथे हात केल्याशिवाय गाडी थांबत नाही, मामा. आपल्याकडे हात केला की ड्रायव्हरला आणखी जोर चढतो, त्यामुळे मला हे सुचणार कसं?

कंडक्टर नाही. हे वाचून तुला वाईट वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकते. एकटा ड्रायव्हर, तोही काचेच्या पेटीत. उतरायचं असलं की खांबावरचं बटण दाबायचं. कुणी कुणाशी बोलत नाही. पण म्हातारं माणूस दिसलं की गाडी एका बाजूने खाली बसते, उंट बसतो तशी, आणि ते माणूस चढलं की पुन्हा उठते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते मलाही कळलं नाही.

माझं काम म्हणजे सोबत. एकट्याने प्रवास न झेपणाऱ्या म्हाताऱ्यांना आमची संस्था स्वयंसेवक देते. माझ्या वाट्याला एक आजी आल्या आहेत. जन्मभर कोट शिवले, म्हणून मी त्यांना कोटवाल्या आजी म्हणते. मूत्रपिंडं निकामी झालीत, आठवड्यातून तीनदा रक्त धुवायच्या मशीनवर झोपतात. मी त्यांना घरून घेते, दोन बस बदलून दवाखान्यात नेते, चार तास बसते, परत आणते. एक वर्ष पुरं केलं की दाखला मिळेल, आणि त्या दाखल्यावर नर्सिंगच्या कॉलेजात जागा.

खोली लाँड्रीच्या वर आहे. जेवणात बटाटे असतात. आईला सांग, मी मजेत आहे.

तुझी भोंगाबाई

२४ मार्च

भोंगाबाईस मामाचा, डबल बेल देऊन, आशीर्वाद.

तुझं पत्र केबिनमध्ये मोठ्याने वाचलं. चार ड्रायव्हर, सहा कंडक्टर आणि चहावाला एवढं श्रोतृमंडळ होतं. उंटासारखी बसणारी गाडी ऐकून एक ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आपल्या गाड्याही बसतात, फक्त पुन्हा उठत नाहीत." अर्धा तास हसत होते लेकाचे. आता सगळ्या स्टँडला ठाऊक झालंय की कंट्रोलरसाहेबांची भाची परदेशात बसमधून समाजसेवा करते. गाड्या धुण्याच्या बादलीपासून सुरुवात केलेल्या माणसाने आणखी काय मागावं?

कंडक्टर नाही हे मात्र बरं नाही. गाडीत कोण रडतंय, कोण पळून चाललंय, कोणाला घेरी येतेय, हे बटणाला काय कळणार? तीस वर्षं मी मागच्या दाराशी उभं राहून पुढच्या दाराचं ऐकलंय. तोच कान लावून तुझं पत्र वाचलं. 'जेवणात बटाटे असतात' एवढं लिहून तू एकदम पुढे गेलीस. म्हणजे बटाटेच असतात. आणि 'मजेत आहे' असं मजेत असलेलं माणूस लिहीत नाही. खात जा पोटभर.

तुझी आई उत्तम आहे. जरा थकल्यासारखी वाटते, पण शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना ओरडायला पोरं उरली नाहीत की तसं होतंच. तुझी पत्रं उशीखाली ठेवते.

मामा

चिठ्ठी. नऊ नंबरच्या कंडक्टरच्या हाती.
२ एप्रिल

धाकट्या,

केबिनमध्ये मोठ्याने वाचू नकोस. ही तुझ्या एकट्यासाठी आहे.

काल रिपोर्ट आले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं गेली. येत्या सोमवारपासून मशीन, दर सोमवारी आणि गुरुवारी. गंमत बघ, लेक तिकडे ज्या खोलीत दुसऱ्याच्या आईजवळ बसते, तसल्याच खोलीत मी इकडे पडणार.

तिला यातलं एक अक्षर कळवायचं नाही. कळलं तर पोरगी मिळेल त्या विमानाने येईल, आणि दाखलाही जाईल, कॉलेजही जाईल. तिच्या बापामागे मी तिला वाढवली ती माझ्या उशाशी बसवायला नाही. वर्ष पुरं होऊ दे. माझ्या गळ्याची शपथ आहे.

दवाखान्यात विचारलं, सोबत कोण? मी म्हटलं, भाऊ येतो. तेव्हा येत जा.

ताई

१८ एप्रिल

भोंगाबाईस,

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईने गच्चीवरच्या कुंड्या हलवल्या, कारण काय ते तिलाच ठाऊक. फोनवर आवाज बसलेला वाटला म्हणालीस, ते सर्दीमुळे. तीन मिनिटांच्या फोनवर आवाज काय, नीट खोकायलाही होत नाही.

एक विचारायचं होतं. आमच्या एका कंडक्टरची सासू आहे. तिला फार अशक्तपणा आहे. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात सलाईन लावायला जाते आणि बसने परत येते. जावई दोन आठवडे बरोबर गेला, आता त्याला ड्युटीतून जमत नाही. पण ती ज्या नऊ नंबरने जाते, त्या लाइनवरची सगळी पोरं आमच्याच हाताखाली तयार झालेली. चढवायचं, जागा द्यायची, उतरवायचं, सगळं ती बघतात. तेव्हा वेगळ्या सोबतीची तशी गरज नाही. परतीला बाई पार गळून जाते, खिडकीला डोकं टेकून झोपते. बाकीचे उठवून विचारतात, पाणी हवं का, बरं वाटतं का. तिला ते नको होतं. तुझा रोजचा अनुभव, म्हणून विचारतो. उठवावं की झोपू द्यावं?

कोटवाल्या आजींना नमस्कार सांग. कोट नीट शिवतात का?

मामा

३ मे

मामा,

तुझं पत्र बसमध्ये वाचलं आणि हसू आलं. कंडक्टरच्या सासूचा अशक्तपणा तुझ्या केबिनपर्यंत येतो आणि तिथून समुद्र ओलांडून माझ्याकडे! खरं सांग, मामीची तब्येत बरी नाही का? तिने आपलं दुखणं नेहमी दुसऱ्याच्या नावावर खपवलंय. तसं असेल तर तिला सांग, लोहाच्या गोळ्या गिळ, उशीखाली साठवू नकोस.

जी कोण बाई असेल तिला झोपू द्या. अशक्त माणसाला झोपेसारखं औषध नाही. दर दोन स्टॉपला "बरं वाटतं का" विचारून आपण माणसाला आणखी दमवतो. लाइनवरच्या तुझ्या पोरांना सांग, शेवटच्या स्टॉपपर्यंत हात लावू नका. माझ्या आजींची गोष्ट वेगळी. मशीनवरून उठलेल्यांचे नियम वेगळे असतात. पण तुमच्या बाईंना नुसतं सलाईन आहे, मग काही काळजी नाही.

आता माझं. हे आईला वाचून दाखवू नकोस.

मला इथे राहवत नाही, मामा. काम वाईट नाही. आजी तर मला मिठाई चारतात आणि माझ्या कोटाची बटणं घट्ट करतात. पण चार तास त्या मशीनच्या आवाजात बसले की मला कसलीतरी धास्ती वाटते. रोज बसमध्ये वाटतं, मी चुकीच्या गाडीत बसले आहे आणि बटण दाबायचं धाडस होत नाही. आमच्यातल्या दोघी परत गेल्या. सहा महिन्यांनी सोडायचं असेल तर पंधरा जूनच्या आत कळवायचं असतं. दाखला मिळणार नाही, पण दुसरं काही बिघडणार नाही. आईला फोनवर विचारलं, येऊ का? ती म्हणाली, "तुला हवं ते कर." मला तिने "ये" म्हणायला हवं होतं. किंवा "येऊ नकोस" तरी.

लहानपणी तू मला तुझ्या गाडीत मागे उभं करायचास आणि दोरी माझ्या हातात द्यायचास. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तूच दे आता. एक की दोन?

तुझी भोंगाबाई

१५ मे

भोंगाबाईस,

मामी ठणठणीत आहे. तुझं पत्र वाचून म्हणाली, "माझं नाव घेतल्याशिवाय या घराण्याला ताप येत नाही." तेव्हा तो संशय काढून टाक.

तुझा सल्ला त्याच दिवशी पोचवला. नऊ नंबरच्या चारही पाळ्यांच्या कंडक्टरांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, परदेशातून हुकूम आलाय, बाईंना झोपू द्यायचं, कोणी हात लावायचा नाही. पोरांनी सलाम ठोकले. मशीनवाल्यांचे नियम वेगळे म्हणालीस, ते तुझ्या आजींपाशीच राहू देत. आमच्या सासूबाईंना एवढं पुरे.

आता घंटीचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकटेपणाने माणसाला मशीनच्या आवाजातही काहीबाही ऐकू येतं. मी पहिल्यांदा मुक्कामाच्या गाडीवर गेलो तेव्हा मलाही इंजिनातून माझ्या आईची हाक ऐकू यायची. उतरलो असतो तर आज कुणाच्या तरी गाड्या धूत असतो. तुझ्या आईने सगळ्या वसाहतीला सांगून ठेवलंय की तू नर्स होऊन येणार. मीही स्टँडला सांगून ठेवलंय. तुझी आई खुशाल आहे. निम्म्या रस्त्यात उतरायचं नाही.

डबल बेल.

मामा

चिठ्ठी. नऊ नंबरच्या कंडक्टरच्या हाती.
२८ मे

धाकट्या,

तुझ्या पोरांनी मला महाराणी करून ठेवलीय. मी चढले की खिडकीजवळची जागा आपोआप रिकामी होते. परवा बाजूच्या बाईने मला हलवलं, तर कंडक्टर तिच्यावर खेकसला, "ओ बाई, साहेबांच्या बहीण आहेत, झोपू द्या!" डोळे मिटून मला हसू आलं. लेकीने पाठवलेली झोप म्हणून मी गुमान घेते.

पण हल्ली उतरताना पाय कुणा दुसऱ्याचे वाटतात. डोळ्यांपुढे पांढरं येतं. मशीनवरच्या नर्सबाईंनी पुन्हा विचारलं, भाऊ कुठे आहे? मी म्हटलं, खाली चहा घेतोय. किती दिवस चहा घेणार आहेस?

या गुरुवारी ये. नाहीतर पुढच्या गुरुवारी तरी. मशीनसाठी नाही, मला जरा भांडायला माणूस हवं.

भोंगाबाई येऊ का विचारत होती. मी तुला हवं ते कर म्हटलं. येऊ नकोस म्हणायला तोंड उघडलं होतं, जमलं नाही. तू तिला राहा म्हणून लिहिलंस ते बरं केलंस. माझ्याने झालं नसतं.

ताई

२० जुलै

मामा,

फोनवर तू म्हणालास, आईचं हृदय बंद पडलं, गाडीतच, शांतपणे. म्हणालास, सगळं आटोपलंय, आता येऊन काय करणार? मी तुझं ऐकलं. तुझं ऐकायची मला सवय आहे.

काल शेजारच्या काकूंचं पत्र आलं. त्यांना वाटलं मला सगळं माहीत आहे. लिहिलंय, 'दोन महिने मशीनवर जात होती पण कधी तक्रार नाही. शेवटी सुटली.'

कसलं मशीन, मामा?

हे मी लिहिते आहे, पण मला उत्तर माहीत आहे. मी त्याच मशीनपुढे आठवड्यातून तीनदा चार-चार तास बसते. त्याच्या कोणत्या बटणाचा काय आवाज येतो ते मला झोपेत सांगता येईल. कंडक्टरला सासू नव्हती ना?

तीन गोष्टी विचारते. एकेकाचं उत्तर दे, गाडी वळवू नकोस. त्या दिवशी तिच्याबरोबर कोण होतं? तिला कोणी उठवलं का नाही? आणि माझं तीन मेचं पत्र, ज्यात मी झोपू द्या लिहिलं होतं, ते तुला कधी मिळालं?

भोंगाबाई

४ ऑगस्ट

पोरी,

हे पत्र मी घरी बसून लिहितो आहे. केबिन सोडली. रजेचा अर्ज दिलाय, परत जाईन असं वाटत नाही.

हो, मशीन होतं. एप्रिलपासून. तिने गळ्याची शपथ घातली होती. पण शपथेआड लपत नाही. परदेशातली भाची मलाही मिरवायची होती. तू परत आलीस तर स्टँडवर काय सांगू, हा विचार माझ्या मनात आला होता. लिहितो आहे, कारण तू ऐकून घ्यायला हवंस.

बरोबर कोणी नव्हतं. मी सुरुवातीचे दोन आठवडे गेलो. मग म्हटलं, सगळी लाइन माझी आहे, मी कशाला हवा? त्या गुरुवारी येतो म्हणालो होतो. वरचे साहेब तपासणीला आले, राहिलं.

ती दवाखान्यासमोर दुपारी दोनला चढली. नेहमीच्या जागी बसली, डोकं काचेला टेकलं. वसाहतीला, शेवटच्या स्टॉपला गाडी पोचली तेव्हा झोपलेली होती. ऊन मी म्हणत होतं. कंडक्टरने विचार केला, आता उठवून उन्हात कशाला चालवायची, एक फेरी झोपू दे, परत इथेच येणार आहोत. माझ्याच हाताखालचा पोरगा. माया केली त्याने. गाडी परत फिरली, दवाखान्याच्या फाटकासमोर थांबली, माणसं घेतली, निघाली. तशीच स्टँडवर आली.

कंडक्टर खिडकीशी येऊन म्हणाला, "साहेब, ताई गाडीत झोपल्यात." मी मान वर करून बघितलं. दहा पावलांवर काच होती. पदर हनुवटीपर्यंत आला होता, हात मांडीवर. तपासणीचे साहेब माझ्या टेबलाशी उभे होते. मी म्हणालो, "झोपू दे." आणि वहीत लिहिलं, नऊ नंबर, वेळेवर. गाडी गेली.

वसाहतीला दुसऱ्यांदा पोचली तेव्हा त्याने खांद्याला हात लावला. तो पोरगा अजून जेवत नाही धड.

तीस वर्षं मी मागच्या दाराशी उभं राहून पुढच्या दाराचं ऐकलं म्हणून मिरवलं. दहा पावलांवरचं मला ऐकू आलं नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. तुझं तीन मेचं पत्र टपालात कुठेतरी अडकलं होतं. ते मला ती गेल्यावर चार दिवसांनी मिळालं. झोपू द्या हे कंडक्टरांना मी आधीच, माझ्या मनाने सांगितलं होतं. तुझा त्यात काही संबंध नाही. हे नीट वाच आणि पुन्हा मनात आणू नकोस. बाकी काय म्हणायचं ते मला म्हण.

मामा

१९ ऑगस्ट

मामा,

तुमचं पंधरा मेचं पत्र माझ्या बॅगेत आहे. 'तुझा सल्ला त्याच दिवशी पोचवला. परदेशातून हुकूम आलाय, बाईंना झोपू द्यायचं.' अक्षर तुमचं आहे. माणूस खोटं बोलायला निघाला की आधी कोणाला काय लिहिलंय ते तरी आठवतो. तुम्हाला तेवढंही सुचलं नाही, म्हणजे मला वाचवायची तुम्हाला फार घाई होती. ते मला कळलं. पण नको.

तुम्हीच शिकवलंत, ज्याचं तिकीट त्याच्या हातात द्यायचं. माझं तुम्ही स्वतःच्या नावाने फाडू नका. ते माझं आहे, मी जन्मभर जवळ ठेवीन.

त्याच पत्रात पुढे लिहिलंत, 'मशीनवाल्यांचे नियम वेगळे म्हणालीस, ते तुझ्या आजींपाशीच राहू देत.' म्हणजे तुम्ही ऐकलं होतं. तुमचे कान चांगले आहेत, मामा, त्यांना दोष देऊ नका. वेगळे म्हणजे काय, एवढंच विचारायचं होतं. विचारलं असतं तर मी ओळखलं असतं, म्हणून विचारलं नाहीत. अशक्तपणाच्या जागी खरा शब्द लिहिला असता तर दुसरं काही करायची गरज नव्हती. मी इथे जे जे शिकले ते सगळं पाकिटात घालून पाठवायला तयार होते. तुम्ही पत्ता चुकीचा दिलात, मी चुकीच्या पत्त्यावर पाठवलं.

आता कोणी विचारत नाही, तरी सांगते. मशीनवरून उठलेल्या माणसाला परतीच्या वाटेवर झोपू द्यायचं नसतं. रक्तदाब एकदम खाली जातो. बाहेरून ती झोप दिसते, पण ती झोप नसते. बोलत ठेवायचं, हाकेला ओ येते का बघायचं. ओ आली नाही तर गाडी आहे तिथे थांबवायची. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

माझी जूनमधली मुदत उलटून गेली. वर्ष पुरं करीन. दाखला मिळेल. तुम्ही स्टँडवर सांगून ठेवलंत तसंच होईल. नंतर तिकडे येईन असं समजू नका, आणि घंटी कोणती ते मला कळवू नका.

कंडक्टरला माझा निरोप द्या. त्याने जेवावं. त्याने हुकूम पाळला.

आज परतीच्या बसमध्ये कोटवाल्या आजींनी डोकं काचेला टेकलं. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा त्यांचा खांदा धरून हलवला, तेव्हा सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. आजी चिडल्या. म्हणाल्या, "दमलेय ग, जरा झोपू दे."

मी झोपू दिलं नाही.

आपली
भाची